ऑर्नेटाबाईंची दोन मिनिटं

पेन उमटेना म्हणून क्लॉडेट हेअरस्टनने ते गुलाबी चिठ्ठीच्या कोपऱ्यात तीनदा गिरवलं, झटकलं, पुन्हा गिरवलं. चिठ्ठीवर नाव लिहायचं, वॉर्ड लिहायचा आणि अंदाजपत्रकाच्या बाजूने बोलणार की विरोधात, त्यापुढे खूण करायची. सभागृहाच्या दारात चिठ्ठ्यांचा हा ढीग, आणि पेनं दोन, तीही सुकलेली. शहराचा पैसा कुठे जावा हे सांगायला अख्खं गाव बोलावलं होतं, पण चार चालती पेनं ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"हे घे, पोरी," शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून आपलं पेन काढून दिलं. स्वतःची चिठ्ठी त्यांनी केव्हाच भरून मांडीवर ठेवली होती. क्लॉडेटची नजर सहज तिच्यावर गेली. ऑर्नेटा बिग्ज, वॉर्ड सहा, बाजूने.

क्लॉडेटने ते नाव दोनदा वाचलं. तिने मान खाली घातली आणि आपलं नाव इतक्या हळू लिहिलं की शाळेतल्या पोरीनेही त्याहून लवकर लिहिलं असतं.

बावीस वर्षं तिने ह्याच इमारतीच्या तळघरात बसून ९११ ह्या तातडीच्या मदतीच्या नंबरवर येणारे फोन घेतले होते. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला ऑर्नेटाबाईंचा फोन आला तो तिच्याच कानात. मुलगा चार दिवस झोपलेला नाही, स्वतःशीच बोलतोय, त्याच्याशी जरा मायेने बोलेल असं कुणी पाठवा. मनाच्या आजारासाठी शहराने तेव्हा एक गाडी नुकतीच सुरू केली होती. तिच्यात एक नर्स आणि एक समाजसेवक असे, आणि लोक तिला बिनबंदुकीची गाडी म्हणत. ती पाठवायच्या आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा एक प्रश्न विचारावाच लागे: त्याच्या हातात काही आहे का? बाई म्हणाल्या, सुरी आहे. आणि त्याच दमात पुढे म्हणाल्या, तो कुणाला काही करायचा नाही, नुसता बटाटे सोलतोय.

क्लॉडेटने 'सुरी' असं टाइप केलं. सुरी म्हटलं की ती गाडी रद्द होई आणि पोलीस निघत, नियमच तसा होता. बटाट्यांसाठी खाली शेऱ्याचा रकाना होता. पण दुसरी लाइन वाजत होती, तिसरी वाजत होती, सात जणांच्या कामाला चौघं होते. रकाना रिकामाच राहिला. नऊ मिनिटांत पोलीस पोचले आणि कीनन बिग्ज आपल्या आईच्या स्वयंपाकघरात गोळी लागून मेला. चोवीस वर्षांचा होता.

पुढे शहराच्या वकिलांनी ते रेकॉर्डिंग कुलपात ठेवलं आणि क्लॉडेटची एका कागदावर सही घेतली, की ह्या प्रकरणी बाहेर अवाक्षर काढायचं नाही, काढलं तर पेन्शनचा विचार करावा लागेल. तिने सही केली. त्या सहीची लाज तिला अजून वाटते.

पुढच्या रांगेतले हार्डवेअरवाले स्प्रॅग मागे वळले. त्यांची चिठ्ठी विरोधातली होती. प्रस्ताव असा होता की पोलिसांच्या अडतीस जागा कित्येक वर्षं नुसत्या कागदावर भरलेल्या आहेत, त्यांचा पैसा काढून बिनबंदुकीच्या गाड्या एकाच्या चार करायच्या आणि तळघरात माणसं वाढवायची. स्प्रॅगना तो मुळीच पटला नव्हता. माझं दुकान वर्षात दोनदा फुटलं, ते म्हणाले, चोर आला की मी काय नर्सला हाक मारू?

"दुकान फुटलं तेव्हा पोलीस किती वेळात आले हो?" ऑर्नेटाबाईंनी विचारलं.

"पन्नास मिनिटं. वर मलाच विचारतात, कुलूप कुठल्या कंपनीचं होतं."

"माझ्याकडे नऊ मिनिटांत आले."

आवाजात राग नव्हता, दुधाचा भाव सांगावा तशा त्या म्हणाल्या. स्प्रॅगनी जरा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांना चेहरा ओळखू आला असावा. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढे तोंड करून बसले.

बाई मग क्लॉडेटशी बोलत राहिल्या. त्या दिवशी कीनन पहाटेपासून बटाटे सोलत होता. रविवारी चर्चच्या जेवणाला सॅलड करायचं म्हणून त्यांनी दहा पौंडांची पिशवी आणली होती, ती संपली तरी तो थांबेना, सोललेलेच पुन्हा सोलायला लागला. तेव्हा त्या घाबरल्या. तेव्हाच फोन केला. हे सगळं त्या असं सांगत होत्या जसं कित्येकदा सांगून झालंय आणि अजून कुणी नीट ऐकलेलं नाही.

"एकच गोष्ट आहे जी मी कुणाला सांगत नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "शहराने मला एक कागद दिला, माझ्या फोनचा. त्यावर नुसतं 'सुरी' आहे. बटाट्यांचं मी बोलले की नाही, मला आठवतच नाही गं. बोलले असते तर त्यांनी लिहिलं नसतं का? म्हणजे मीच विसरले. माझ्या तोंडून फक्त सुरी निघाली."

क्लॉडेटने पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

माइकसमोर तिने घडी घातलेला कागद उलगडला. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळत, आणि टेबलावरचा वेळेचा दिवा हिरवा होता. कागद चांगला लिहिला होता, आठ दिवस घोटला होता: तळघरात किती माणसं हवीत, किती आहेत, न भरलेल्या जागांवर किती पैसा दरवर्षी अडकून पडतो. ती वाचत गेली. नगरसेवकांपैकी दोघं फोनमध्ये होते, एक जण सँडविच खात होता. दिवा पिवळा झाला, मग लाल, आणि घंटा वाजली तेव्हा ती शेवटच्या आकड्यापर्यंतही पोचली नव्हती. अध्यक्षबाईंनी आभार मानले. क्लॉडेट हलली नाही.

"माझी दोन मिनिटं तिला द्या," मागून ऑर्नेटाबाई म्हणाल्या.

तसा नियम होता. आपला वेळ दुसऱ्याला देता येई, पण एकदा दिला की आपल्याला बोलायला मिळत नसे. अध्यक्षबाईंनी तो समजावून सांगितला आणि नक्की का, म्हणून विचारलं.

"तीन वर्षं मी येते आणि रडून जाते. हिच्याकडे आकडे आहेत. हिला बोलू द्या."

दिवा पुन्हा हिरवा झाला. क्लॉडेटने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. बोलायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज तळघरातला झाला होता, सपाट, न घाबरलेला. बावीस वर्षांत तोच एक तिला नीट जमला होता. ती म्हणाली की मी निवृत्त झाले आहे, ऑर्नेटा बिग्ज यांचा फोन मी घेतला होता. त्यांनी मला सुरी आहे म्हणून सांगितलं, आणि बटाट्यांचंही सांगितलं. मी सुरी लिहिली. बटाटे लिहिले नाहीत. माणसं कमी होती हे खरं आहे, पण रकाना समोर होता आणि तो मी रिकामा सोडला. त्या विसरल्या नव्हत्या. मी विसरले, आणि मग मी गप्प बसले.

शहराचे वकील खुर्चीतून अर्धवट उठले. सँडविचवाल्याने सँडविच खाली ठेवलं. क्लॉडेटचं बोलून झालं होतं. मागे वळून पाहायची तिची हिंमत होईना. मग तिला खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाईसाहेब, तुमचा वेळ तुम्ही देऊन टाकला आहे, अध्यक्षबाई जमेल तेवढ्या हळुवारपणे म्हणाल्या.

"मला बोलायचं नाहीये. माझ्या वेळातला किती उरलाय?"

कारकुनाने घड्याळ पाहून सांगितलं, पस्तीस सेकंद.

ऑर्नेटाबाई उभ्या होत्या, पुढची खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरून. स्प्रॅगनी आपला खांदा जरा बाजूला घेतला होता.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मी काय म्हटलं होतं? माझ्या शब्दांत सांग."

क्लॉडेट वळली.

"'तो कुणाला काही करायचा नाही,'" ती म्हणाली. "'नुसता बटाटे सोलतोय.'"

बाईंचे ओठ तिच्याबरोबर हलले.

"वेळ आहे अजून," त्या म्हणाल्या. "परत सांग."

क्लॉडेटने परत सांगितलं. मग परत. घंटा वाजेपर्यंत ती सांगत राहिली.