राख आधी, औषध मग

मी मूर्ख बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी तोंड घालायला नको.

एफे, माझी धाकटी बहीण, बाळंतपणाला उघेली शहरातल्या दवाखान्यात गेली आणि टाकीतले चारशे मांगूर मासे माझ्यावर सोपवून गेली. तिचा नवरा मेल्यापासून दीर तिच्या मागे लागला होता, माझ्या घरी राहायला चल म्हणून. कसलं राहणं, राबणं नुसतं! मासे मोठे होऊन बाजारात गेले की ती स्वतःच्या पायावर उभी राहणार होती.

चौथ्या दिवशी माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. मी फोन केला.

"ताई, फळीवर पिवळी पूड आहे. पाण्यात विरघळव, मासे आपोआप घेतात," ती म्हणाली. "घाबरू नकोस गं."

आता आमच्याकडे मासा आजारी पडला की आधी चुलीतली राख. आईची रीत. दोन घमेली राख ओतली, वर औषध टाकलं. पाणी पिवळंधमक झालं, मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा राख, पुन्हा औषध. तरी मासे मरतच राहिले!

शेवटी माशांचा डॉक्टर उफुओमा आला. त्यानं पाण्यात हात घातला, बोटं चोळून पाहिली.

"मावशी, राख टाकलीत?"

"मग? राखेशिवाय कसं चालेल?"

"अहो, गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. औषध कल्ल्यांतून आत जातं. राखेतल्या चुन्यानं ते बाहेरच धरून ठेवलं."

"अरे, पण पाणी पिवळं दिसतंय की!"

"तेच तर. सगळं पाण्यातच राहिलं."

मी राखेचं घमेलं उचलून घरामागे ठेवलं.

शनिवारी एफे बाळाला घेऊन आली. तोवर अकरा मासे उरले होते. मी सगळं सांगितलं, राखेसकट. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मीही आधी राखच टाकली असती, ताई," ती म्हणाली.

संध्याकाळी दीर तिला न्यायला गाडी घेऊन आला. एफेनं बाळाचे कपडे गुंडाळले. जाताना टाकीपाशी थांबली.

"हे अकरा तू सांभाळ," म्हणाली.

माझ्यावरच सोपवले. पुन्हा माझ्यावरच.