दहापैकी अर्धा गुण

मित्रांनो, पुस्तकाचं पंक्चर काढलेलं तुम्ही कधी पाहिलं आहे का? नसेल तर माझी पाठ बघा. तिथे टायरच्या ट्यूबचा काळा, गोल तुकडा चिकटवलेला आहे आणि इतक्या वर्षांत तो जागचा हललेला नाही. मी एका कॉमिकचा जुना अंक आहे. माझं पूर्ण नाव 'रणकेतू आणि मगरींची विहीर, भाग पहिला'. या नावातल्या शेवटच्या दोन शब्दांनी एका भल्या माणसाचा जीव अर्धा केला. त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. कागद हलका, शाई मात्र भडक. छापताना कुणाचा तरी हात हलला असावा, कारण रणकेतूच्या ओठांचा लाल रंग थेट त्याच्या गालावर गेला आहे. तरीही मी देखणा होतो, हे मला सांगितलंच पाहिजे. भोरच्या एसटी स्टँडवर एका स्टॉलला मी दोरीवर चिमट्याने लटकलो होतो. शेजारी भविष्याची आणि लोणच्यांची पुस्तकं होती. लोक त्यांना हात लावत आणि माझ्याकडे नुसतं बघत.

मग साहेबराव आले. तेव्हा त्यांना राव कुणी म्हणत नव्हतं. ओठावर मिसरूड, हाताला ग्रीस, भोरमध्ये एका टायरवाल्याकडे पंक्चर काढायला शिकणारा पोरगा. पहिल्या पगारातून शर्ट घ्यायला निघाले होते आणि मला घेऊन गेले. सारोळ्याला परत जाताना गाडीतच त्यांनी मला वाचून काढलं. माझ्या शेवटच्या पानावर रणकेतू विहिरीत उलटा लटकतो आहे. खाली मगरी जबडे वासून बसल्या आहेत. वर एक उंदीर दोर कुरतडतो आहे आणि दोराचा एकच पीळ शिल्लक आहे. खाली छापलं आहे, 'रणकेतूचं काय होणार? वाचा भाग दुसरा.' ते वाचून साहेबराव असे काही हरवले, की सारोळं मागे गेलं, नीरेचा पूल मागे गेला आणि स्वारी शिरवळला उतरली. तिथून चालत घरी आले.

भाग दुसरा भोरला आलाच नाही. साहेबराव दर बाजारच्या दिवशी स्टॉलवर विचारायचे. स्टॉलवाला आधी म्हणायचा, 'पुढच्या खेपेला', मग म्हणायचा, 'बघू', आणि शेवटी साहेबराव दिसले की चहाला जायचा. पुढे माझी कंपनी बुडाली. स्टॉलच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. साहेबराव तिथेही एकदा डोकावले. दुकानदाराने त्यांना मोबाईलचं कव्हर दाखवलं.

सारोळ्याला हायवेच्या कडेला साहेबरावांनी स्वतःचं पंक्चरचं दुकान टाकलं आणि माझे कामाचे दिवस सुरू झाले. टायर खोललेलं आहे, गिऱ्हाईक कंटाळलं आहे, की साहेबराव मला त्याच्या हातात द्यायचे. ते शेवटच्या पानापर्यंत आलं की हमखास विचारायचं, "पुढं?" आणि साहेबराव हात पुसून पुढचं सांगायचे. ते मनाचंच असायचं. एकदा रणकेतू दाताने दोर धरून वर चढला, एकदा मगरींचं आपसात भांडण लागलं. माझी पाठ उसवली तेव्हा त्यांनी ती कानशीने घासली, सोल्युशन लावलं आणि ट्यूबचा तुकडा चिकटवला. त्यांना येत होतं ते त्यांनी केलं.

घरात माझी जागा मात्र मानाची होती. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर. पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, हा त्या घराचा नियम. त्यांची बायको फुलाबाई फळी पुसताना मला उचलायची, पुसायची आणि दर वेळी एकच वाक्य बोलायची.

"मेला तो. भाग दुसरा निघालाच न्हाई, कारण माणूसच उरला न्हाई."

"अगं, कॉमिकमधला हिरो मरतो व्हय?"

"उलटा टांगल्याला माणूस किती जगंल? तुमी जगाल का?"

हे भांडण त्यांच्या लग्नापासून चालू होतं. फुलाबाई हरत नव्हती आणि साहेबरावांना पुरावा मिळत नव्हता.

आता गायत्रीकडे येतो. गायत्री म्हणजे या दोघांची एकुलती एक लेक, भोरच्या एका पतसंस्थेत नोकरीला. हुशार आणि बापावर जीव टाकणारी. तिने एकदा माझा फोटो मोबाईलवर जुन्या कॉमिकच्या शौकिनांना पाठवला. त्यांच्यातले एक स्वरूप साहेब. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि वेल्ह्याजवळ त्यांचा बंगला. त्यांचं लगेच उत्तर आलं, 'हा अंक मी कित्येक वर्षं शोधतोय. आधी त्याचं ग्रेडिंग करून घ्या. रविवारी घेऊन या, मी बघतो.'

ग्रेडिंग म्हणजे काय, ते गायत्रीने घरात समजावून सांगितलं. परदेशात जाणकार बसलेले असतात. ते जुना अंक भिंगाखाली धरून तपासतात, दहापैकी गुण देतात आणि पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डब्यात त्याला कायमचा बंद करून परत पाठवतात. मग ना धूळ, ना वाळवी, ना कुणाचं बोट.

"मंग वाचायचं कसं?" साहेबरावांनी विचारलं.

"पप्पा, तुम्हाला तो पाठ आहे की! जन्मभर जपलात तुम्ही. कुणीतरी शहाण्या माणसानं त्यावर शिक्का मारू दे, की साहेबरावांनी जपलं ते खरंच मोलाचं होतं. लोक हसतात तुम्हाला, मला नाही आवडत."

साहेबरावांनी मला फळीवरून उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. लेकीचं मन मोडवेना आणि मला सोडवेना. मित्रांनो, मी तर फळीवर थिजून गेलो होतो. समाधी घेणारा माणूस निदान स्वतः राजी तरी असतो.

एकदा परीक्षा म्हटल्यावर त्या घराने कसर ठेवली नाही. फुलाबाईने मला ओल्या फडक्याने पुसलं. ओला झालो म्हणून तव्यावर शेकलं. शेकून वाकडा झालो म्हणून गादीखाली घातलं. साहेबरावांनी शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलं, वर नावाची चिठ्ठी डकवली आणि 'इयत्ता' या शब्दापुढे बराच वेळ अडले. शेवटी लिहिलं, 'भाग पहिला'. निघताना फुलाबाईने दही-साखर आणली. हातावर ठेवायला मला हातच नव्हता, म्हणून ती साहेबरावांनी खाल्ली.

पुढे स्कूटीवर गायत्री, मागे मोटारसायकलवर हे दोघं आणि फुलाबाईच्या मांडीवर पिशवीत मी. किकवी, कापूरहोळ करत नसरापूरला वळलो आणि वेल्ह्याला पोहोचलो. स्वरूप साहेबांच्या बंगल्यात माणसांना पंखा होता आणि कॉमिकला एसी. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, डोक्याला बॅटरी लावली आणि माझं खाकी कव्हर काढलं. मग त्यांनी मला पालथं केलं.

"हा मागे काय प्रकार आहे?"

"पंक्चर हाय त्ये. ग्यारंटीचं," साहेबराव म्हणाले.

"आणि हा काळा अंगठा?"

"आमचा धनाजी. वरव्याचा. ट्रकवाला. वाचता वाचता जेवायचा इसरला हुता त्यो. त्याचाच अंगठा."

"पानं अशी शेकल्यासारखी का झालीत?"

फुलाबाई छताकडे बघू लागली.

"आणि या राजकन्येला मिशा कोणी काढल्या?"

आता साहेबराव आणि फुलाबाई दोघंही गायत्रीकडे बघू लागले. पतसंस्थेत भल्याभल्यांना जाब विचारणारी ती पोर कानापर्यंत लाल झाली. "मी बालवाडीत होते," ती पुटपुटली.

स्वरूप साहेबांनी सुस्कारा टाकला. "काका, खरं सांगतो. याला दहापैकी अर्धा गुण मिळेल."

"अर्धा? आमच्या गायत्रीला गणितात सुदिक कवा अर्धा पडला न्हाई!"

"पण तरी पाठवाच. भाग पहिला दुसऱ्या कुणाकडे मी पाहिलेलाच नाही. आहे तसा निदान टिकेल तरी. पॅक होऊन आल्यावर कसा दिसेल, ते दाखवतो." असं म्हणून त्यांनी कपाट उघडलं आणि एक पारदर्शक डबा दोन्ही हातांनी बाहेर आणला. डब्याच्या कपाळावर आकडा होता, साडेनऊ. आणि आत, कोरा करकरीत, एकही सुरकुती नसलेला, माझा धाकटा भाऊ होता. 'रणकेतू आणि मगरींची विहीर, भाग दुसरा'.

साहेबराव पुढे सरकले. त्यांनी डब्याला हात लावला आणि हाताचं ग्रीस लागेल म्हणून पटकन मागे घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलंही नाही.

"निघाला हुता," ते फुलाबाईला म्हणाले. "बघ. निघाला हुता." मग स्वरूप साहेबांकडे वळले. "साहेब, पहिलं पान तेवढं दावा. दोर तुटला का?"

"काका, हा उघडता येत नाही. उघडला की नंबर गेला."

"बरं, मंग तुमी त्वांडी सांगा."

स्वरूप साहेबांनी खाली बघितलं. "मी वाचलेला नाही. माझ्याकडे आला तो असाच, बंद."

फुलाबाईने एकदा डब्याकडे आणि एकदा स्वरूप साहेबांकडे बघितलं. मग ती म्हणाली, "म्हंजी घरात भाकरी हाय, आन् डब्याचं झाकान उघडायचं न्हाई?"

साहेबराव उठले. त्यांनी मला पिशवीत घालायला घेतलं, तेव्हा स्वरूप साहेब घाईने म्हणाले, "थांबा, पानं तेवढी मोजतो. सगळी आहेत ना, ते तपासावं लागतं." ते मोजू लागले. चौथ्या पानावर त्यांची बोटं थबकली. मग ते खुर्चीत बसले. मग त्यांनी डोक्यावरची बॅटरी काढली. हातमोज्याने पान उलटेना म्हणून उजव्या हाताचा मोजाही काढला. मला सगळं कळत होतं, मित्रांनो! कितीतरी जणांच्या हातात मी असा उलगडत गेलो आहे. मोजणारा हात वेगळा असतो आणि वाचणारा वेगळा.

ते शेवटच्या पानावर आले. उलटा रणकेतू, मगरी, उंदीर, दोराचा एक पीळ.

"पुढे?" स्वरूप साहेब म्हणाले.

"पुढचं तुमच्याच डब्यात हाय," साहेबराव म्हणाले.

स्वरूप साहेबांनी डबा उचलला. उजेडात धरला, तिरपा केला, कडेने आत डोकावून पाहिलं. डबा खाली ठेवला. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. पुन्हा डबा उचलला. मग एकदम आत गेले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले.

"साहेब, नंबर जाईल," गायत्री घाबरून म्हणाली.

"जाऊ दे," ते म्हणाले आणि डबा कडाकडा वाजला.

चौघांची डोकी एकत्र आली. माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा श्वास घेतला. पहिल्या पानावर, पहिल्याच चित्रात दोर तुटला. दुसऱ्या चित्रात रणकेतू मगरीच्या डोक्यावर आदळला आणि आवाज आला, 'ठक्क!' तिसऱ्या चित्रात तो हसून म्हणत होता, 'दुष्टा, लाकडाच्या मगरींनी मला भिववतोस?'

साहेबरावांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. मधलं एखादं पान चिकटलं असेल म्हणून बोटाने चाचपून पाहिलं.

"लाकडाच्या?" ते म्हणाले. "सगळ्या?"

फुलाबाई जिंकलीही नव्हती आणि हरलीही नव्हती. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता नवऱ्याचा चेहरा दिसला आणि ती थांबली. मग हळूच म्हणाली, "तुमी सांगितल्यालं लई बरं हुतं. आपलं नवं लगीन झाल्यालं तवाचं. उंदराच्या बायकूचं."

"ते काय?" स्वरूप साहेबांनी विचारलं.

साहेबराव आधी लाजले. मग उभे राहिले, खांद्यावरचा पंचा दोरासारखा धरला आणि सांगू लागले. दोराचा शेवटचा पीळ उंदराच्या दातात आहे, तेवढ्यात बिळातून त्याची बायको हाक मारते, 'अवो, जेवायला या, भाकरी गार व्हायली.' उंदीर म्हणतो, 'एवढा पीळ उरकतो आन् येतो.' ती म्हणते, 'मंग तोच खावा आन् तिथंच झोपा.' उंदीर दोर टाकून पळत सुटतो. स्वरूप साहेब खुर्चीत मागे रेलून इतके हसले, की एसीतसुद्धा त्यांना घाम फुटला.

"मग पप्पा, ग्रेडिंगचं काय करायचं?" गायत्रीने विचारलं. आता तीही हसत होती.

"अर्धा गुण हितंच मिळाला की. त्याच्यासाठी परदेशात कशाला धाडायचं लेकराला?"

निघताना स्वरूप साहेबांनी माझ्या भावाला माझ्याच पिशवीत घातलं. फुटका डबा त्यांनी स्वतःजवळ ठेवला. आता ते सुटीच्या दिवशी सारोळ्याला येतात, चांगल्या धडधाकट टायरकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "काका, जरा हवा बघा." हवा बघायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ ते बसतात.

मित्रांनो, आम्हाला जपा. हात धुऊन हातात घ्या, पानांचे कान दुमडू नका, राजकन्यांना मिशा काढू नका, आणि सोल्युशन टायरलाच राहू द्या. पण माया आहे म्हणून आम्हाला डांबून ठेवू नका. आम्हाला हातोहाती फिरू द्या. झिजलो तर झिजू. माझ्या अंगावरचा एकेक डाग मला माणसांनी दिला आहे, आणि त्यातला एकही पुसून कोरं व्हायची मला हौस नाही.

काल एक टेम्पोवाला आला होता. माल साताऱ्याला पोहोचवायचा होता, पंक्चर कधीच निघालं होतं, तरी गडी भाग दुसरा संपवूनच उठला.

"लई डेंजर जाग्यावर थांबवलंय हो," तो म्हणाला. "तिसरा भाग हाय का?"

साहेबरावांनी हात पुसले आणि त्याच्याकडे स्टूल सरकवलं.

"बसा," ते म्हणाले. "सांगतो."