भावाच्या तोंडची कविता

कमलाकर इस्त्रीचा शर्ट घालून आला. माझा धाकटा भाऊ उलव्याहून खांदा कॉलनीत कविता ऐकायला येणं म्हणजे मांजरानं उपास धरणं. त्याच्या खिशात हक्कसोडीचा कागद होता. उद्या रजिस्ट्रारकडं जाऊन बापाच्या जमिनीवरचं माझं नाव काढायचं होतं. आमच्यात बहिणी सही करतात आणि माहेर राखतात. जी करत नाही तिचं माहेर तुटतं.

तोंडानं नाही म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून त्याच्याच तोंडी घालून कविता लिहिली होती, आणि त्याला मुद्दाम बोलावलं होतं.

वाचनालयाच्या खोलीत बायका दाटीनं बसल्या होत्या. आमच्या काव्यमंडळाच्या रुचिरानं प्रस्तावना केली. "आज दमयंतीताईंचं नाट्यस्वगत. यात एकच माणूस बोलतो, समोरचा गप्प. बोलणारा स्वतःची वकिली करता करता स्वतःच उघडा पडतो. त्याला ते कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं."

मी उभी राहिले. कागद उघडून वाचायला लागले.

"तुला काय कमी हाय, ताय? दाजी नोकरीला, पोरं शिकलेली.
दादा दादा करून खांद्यावर बसायचीस...
नाय, मीच बसायचो तुझ्या. तेच ते.
रडतेस कशाला? आमी काय परके हाव?
हितं कर सही. पेन हाय ना?"

पुढं बसलेल्या मंडळाच्या प्राचीनं पदर तोंडाला लावला. मी कमलाकरकडं बघितलं. आता त्याची मान खाली जाईल, आता जाईल.

त्याचे डोळे भरले होते.

"ताय," तो सगळ्यांसमोर बोलला, "भावाची बाजू कोन लिवतो गं? बरोबर बोलला तो. शब्दन् शब्द!" आणि कागद काढून माझ्यापुढं धरला. "आता हितंच करून टाक."

मी रुचिराकडं वळले. ऐकणाऱ्याला कळतं म्हणे! पण बोलणाऱ्यालाच ऐकायला बसवलं, तर कुणाला कळणार?

"कमल्या, नाय करणार मी सही."

"पन कवितेत तर तिनं केली!"

"कुठं केली? तो अजून मागतोच हाय."

तो गोंधळला. कवितेतली शेवटची ओळ आठवत असावा.

"माहेर सुटंल, ताय."

"तू सोडशील तर."

त्यानं कागदाची घडी घातली, दाराशी जाऊन चपला शोधल्या. एकच पायात घालून बराच वेळ तसाच उभा राहिला.