माझ्या नावानं धावलेला दत्ता

ऊन वर आलं की दत्ताच्या काळ्या बनियनवर मीठ उमटायचं. खाडीवरच्या वाऱ्याला बसून घाम वाळला, की त्याच्या पाठीवर पांढऱ्या रेषा दिसू लागत; भरती ओसरल्यावर चिखलावर राहतात तशा, वेड्यावाकड्या. दत्ता म्हात्रे कळव्याचा, आणि त्याच्या आज्याची सारी हयात मिठागरात गेलेली. भाद्रपदातल्या कोंदट पहाटे वारा पडलेला असे, घाम वाळायचं नाव घेत नसे आणि मी कुरकुरू लागे, तेव्हा तो म्हणे, "आमी मिठागरातली मानसं, घामाला भितो काय?" आणि कमरेच्या पुडीतलं चिमूटभर खडेमीठ माझ्या तळहातावर ठेवी.

मी डोंबिवलीचा, खुर्चीत बसून पोट सुटलेला कारकून. पन्नाशीत मला धावायला त्यानं शिकवलं. त्याच्या धावण्यात मिरवणं नव्हतं. ओल्या डांबरावर त्याची पावलं इतकी हलकी पडत, की मला माझ्याच धापा तेवढ्या ऐकू येत. मी मागे पडलो की तो बुटाची नाडी बांधायला खाली बसे. ती नाडी कधीच सुटलेली नसे, हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही. दूधवाल्याला, झाडूवालीला, बंद दुकानाच्या पायरीवरच्या कुत्र्यालासुद्धा हात वर करून जाणारा हा माणूस चढ लागला की मात्र अगदी गप्प होई. त्या मौनात एक प्रकारची श्रद्धा होती असं मला वाटे.

त्या वर्षी ठाण्याच्या अर्ध्या मॅरेथॉनला त्याची नोंदणी राहून गेली, आणि माझी झालेली असताना माझा गुडघा सुजला. छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, म्हणजे आमचा बिब, वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्याला देणं हे आम्हा धावणाऱ्यांत सर्रास चालतं. नियमात बसत नाही, पण नियम बघतो कोण? मी माझा बिब त्याला दिला. त्या कागदाच्या मागे माझा रक्तगट होता आणि निकडीच्या वेळी कळवायचा नंबर माझ्या बायकोचा, शुभाचा. तो खोडून दत्ताच्या बायकोचा, मंदावहिनींचा लिहावा, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

शर्यतीच्या सकाळी हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसली होती. साडेसातच्या सुमारास शुभाचा फोन वाजला. कुणी मुलगी सांगत होती, की तुमचे मिस्टर धावताना कोसळलेत, ताबडतोब या. मी समोर बसून चहा पीत होतो. शुभानं माझ्याकडे पाहिलं, ते इथेच आहेत म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. हल्ली फसवणुकीच्या फोनना सुमार नाही, असं म्हणून आम्ही हसलोसुद्धा.

दहा मिनिटांनी गुडघ्याला मलम चोळता चोळता माझा हात थांबला.

मग फोनाफोनी झाली. दत्ताला नेलं होतं ते इस्पितळ कळव्याहून पूल ओलांडला की लगेच. वहिनी रिक्षा करून जेमतेम पाव तासात पोचल्या. तेव्हा डॉक्टर बाहेर येत होते. शेवटपर्यंत शुद्धीवर होते, नुकतेच गेले, असं ते म्हणाले.

वर्षभर मी वहिनींना टाळलं. भेटलोच तर बोलणं दुसरीकडे नेई. परवा वर्षश्राद्धाला मात्र राहवलं नाही. पानं वाढून झाल्यावर त्या ओसरीवर एकट्या बसल्या होत्या, तेव्हा मी सगळं सांगितलं: बिबामागचा नंबर, पहिला फोन, आमचं हसणं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे तवर ते होते," एवढंच म्हणाल्या.

होता. कुणी ओळखीचं येईल म्हणून दाराकडे बघतही असेल. काळ सगळं मागे टाकून पुढे जातो म्हणतात, जात असेल. मी मात्र रोज त्या दहा मिनिटांपाशी येऊन थांबतो. तेवढीच एक जागा उरली आहे, जिथे दत्ता अजून जिवंत आहे आणि मला अजून उशीर झालेला नाही.