तीन पाळ्यांची खाट

मी खाट बोलतेय. दचकू नका. माझ्या अंगावर आडवे होता, कूस बदलता, मी जरा करकरले की "ही मेली झोपू देत नाही" म्हणून माझाच उद्धार करता. आज माझं ऐका. मी जन्मभर नुसती ऐकतच आलेय.

मी काही सागवानी पलंग नव्हे. गावाबाहेरच्या माळावर तेलशुद्धीकरणाचा कारखाना बांधायला घेतला, तेव्हा फाटकासमोर एका फॅब्रिकेशनवाल्यानं पत्र्याची शेड टाकली. बांधकामातून उरलेले पाइपांचे तुकडे आणून तो त्यांच्या खाटा करायचा. माझे पाय त्याच पाइपांचे. जो पाइप आत राहिला त्यातून आज तेल वाहतं, जो उरला त्याची मी झाले. म्हणून कारखान्याला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. माहेर आहे ते माझं. मग मी स्वतः कितीही नावं ठेवीन, तो भाग वेगळा.

मला विकत घेतलं मावशीनं. कुणाची मावशी ते विचारू नका, सगळं गाव तिला मावशीच म्हणतं. नवरा गेल्यावर शिलाई मशीनवर तिनं घर चालवलं होतं. घरामागं एक अडगळीची खोली होती. कारखान्याचं काम सुरू झालं तशी माणसं लोंढ्यानं आली आणि जो तो "खोली आहे का, खोली?" विचारत दारोदार फिरू लागला. मावशीनं अडगळ काढली, भिंतींना चुना दिला, मला निळा रंग लावून आत बसवलं. खोली केवढी, तर मी आत आल्यावर दार अर्धंच उघडायचं.

"एक खाट, एक भाडेकरू," मावशी म्हणाली. आणि दारात उभे तिघं!

एक वेल्डर, एक रंगारी आणि एक रिगर. क्रेननं उचलायच्या अवजड वस्तूंना दोर बांधायचा आणि खालून हातवारे करायचे, हे रिगरचं काम. टक्कल, जाड मिशा आणि बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. तो म्हणाला, "मावशी, आम्ही तिघं तीन पाळ्यांत. एक कामावर, एक खाटेवर, एक बाहेर फिरतोय. एका वेळी एकच माणूस दिसेल तुम्हाला. तिघं दिसले तर भाडं दुप्पट घ्या."

मावशी हसली आणि फसली. तेव्हापासून माझी पाठ गार म्हणून झाली नाही. एक उठला की त्याची वळकटी कोपऱ्यात, दुसऱ्याची माझ्यावर. तिघं एका खोलीत राहत होते, पण नीट भेट व्हायची ती उंबऱ्यावरच. "झोपलास का रे नीट?" "झोपलो. पाणी भरून ठेवलंय." एवढंच बोलणं, आणि तरी एकमेकांवर जीव!

न बघताही मी सांगितलं असतं कोण आहे ते. रंगाऱ्याला थिनरचा वास. रिगर झोपेतही "हळू, हळू, अजून वर घे" करत हात हलवायचा. आणि वेल्डर, त्याच्या डोळ्यांत तो वेल्डिंगचा उजेड इतका भरलेला असायचा की भर दुपारी, खिडकी बंद करूनही, तो दंड डोळ्यांवर घेऊनच पडायचा.

तिघांत माझा जास्त जीव कुणावर, असं विचाराल तर वेल्डरवर. लपवायचं कशाला? तो घरून निघाला तेव्हा त्याची लेक रांगत होती. आता ती घडाघडा बोलायची, आणि ते सगळं बोलणं तो माझ्या उशाच्या दांडीला फोन टेकवून ऐकायचा.

"बाबा, खाट दाखवा ना!"

"ही बघ माझी खाट. ही माझी खिडकी. ही आपली खोली." असं म्हणत तो फोन फिरवायचा, आणि दुसऱ्या हातानं रिगरची पँट हळूच बाजूला सारायचा. अरे लबाडा!

मग बायको फोन घ्यायची. "एवढी खोली आहे तर आम्हाला कधी नेताय?"

"कारखाना सुरू झाला की कायम करतील. साहेबांशी बोललोय मी."

"काय म्हणाले साहेब?"

"बघू म्हणाले."

"बघू म्हणजे नाही."

"अगं, मोठी माणसं होकार असाच देतात."

फोन बंद झाला की तो रिगरची पँट परत जागेवर टाकायचा. त्याला काय हवं होतं? कायमची नोकरी, एक खोली, आणि तिथं बायको आणि लेक. माणसानं मागावं ते याहून कमी काय मागावं हो? मला बोलता येत असतं तर मीच साहेबाला चार शब्द सुनावले असते.

शेवटी बायकोच्या वाट बघण्याचा अंत झाला. एका सकाळी ती न कळवता लेकीला घेऊन आली. मावशी अंगणात मशीनवर बसलेली. "वेल्डर इथंच राहतात का?" विचारल्यावर मशीन न थांबवता तिनं मानेनंच खोली दाखवली. खोलीत रात्रपाळी करून आलेला रिगर डोक्यावरून चादर ओढून झोपला होता. वेल्डर पहिल्या पाळीला, कारखान्यात.

पोरीनं मला बघितलं आणि लगेच ओळखलं. निळी खाट, शेजारी खिडकी, सगळं फोनमध्ये दिसायचं तसंच. "बाबा!" म्हणून ती जी धावली, ती थेट माझ्यावर चढून त्या चादरीला बिलगली. गाल त्याच्या पाठीला लावून गप्प पडून राहिली.

रिगर जागा झाला होता. झोपलेल्याचा श्वास आणि जागणाऱ्याचा श्वास मला कळतो. मला वाटलं, आता धडपडून उठेल. नाही उठला. त्याची दोन पोरं लांब गावी होती आणि दोन वर्षांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता. बिचारा श्वास रोखून पडून राहिला. त्याला थोडा वेळ तरी ते हवं होतं, आणि मीसुद्धा त्या वेळी जराही करकरले नाही.

"अहो, उठा की! बघा कोण आलंय!" बायकोनं हसत हसत चादर ओढली. आणि आतून निघालं टक्कल आणि मिशा!

काय किंचाळली ती! पोरगी रडायला लागली. मावशी गळ्यात टेप आणि हातात कात्री घेऊन धावत आली. रिगर भिंतीला चिकटून, चादर गुंडाळून हात जोडतोय, "वहिनी, वहिनी, मी तो नव्हे! म्हणजे खाट त्याचीच आहे, पण आत्ता झोपायचा नंबर माझा आहे!"

दुपारी पाळी सुटली आणि वेल्डर धापा टाकत आला. फाटकावरच रिगरनं त्याला सगळं सांगितलं होतं. चेहरा काळवंडलेला, डोळ्यांभोवती चष्म्याचे गोल, हात कुठं ठेवू असं झालेलं. बायको माझ्यावर बसलेली, पोर तिच्या पाठीमागं.

पोरीनं त्याच्याकडं बघितलं, मग आईचा पदर ओढला. "आई, फोन दे ना. मला बाबांशी बोलायचंय."

बाबा समोर उभा होता हो! मला मेलीला रडायला डोळे नाहीत, नाहीतर मी तेव्हाच गंजले असते.

बायकोनं विचारलं, "ही खोली कुणाची?"

"मावशींची."

"आणि खाट?"

"तिघांची."

"मग इथं तुमचं असं काय आहे?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि भिंतीकडं बोट केलं. "ती मधली खुंटी."

तिला हसू आलं. हसता हसता तिनं तोंड पदरात घातलं, आणि मग बराच वेळ ती वर बघेना. "खोटं कशाला सांगितलं?" तिनं तोंड झाकूनच विचारलं. तो म्हणाला, "तुला मी चांगला राहतोय असं वाटावं म्हणून. तेवढ्यानं मलाही बरं वाटायचं."

रिगर आणि रंगारी त्याच दिवशी आपापली वळकटी घेऊन खानावळीच्या बाकांवर झोपायला गेले. "वहिनी आहेत तोवर," म्हणाले. वहिनी चार दिवसांसाठी आल्या होत्या. पण कारखान्याच्या शेजारी एव्हाना दुसरा कारखाना उभा राहिला होता. तेलापासून प्लास्टिकचे दाणे करायचे, आणि ते दाणे घेऊन पलीकडच्या शेडमध्ये गोण्या विणायच्या. आपल्या तेलाचे दाणे व्हायच्या आधीच त्यांनी बाहेरून दाणे मागवून यंत्रं चालू केली होती आणि गोण्या शिवायला बायका हव्या होत्या. मावशी वेल्डरच्या बायकोला तिथं घेऊन गेली. "टाका धड पडतो का बघू," तिथल्या बाईनं म्हटलं. टाका नुसता धड नाही, सरळ रेषेत पडला. पुढच्या आठवड्यात जाते, पुढच्या आठवड्यात जाते, असं म्हणत ती राहिलीच.

ते दिवस आठवले की माझा जीव कासावीस होतो. पोर हळूहळू बापाला ओळखायला लागली. आधी त्याच्या बोटाला धरलं, मग त्याच्या ताटात जेवली, मग त्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. तेव्हापासून त्यानं दंड डोळ्यांवर घ्यायचं सोडलं. खोली तेवढीच, दार तेवढंच अर्धं उघडणारं, पण तो माणूस असा गाढ झोपायचा की पाळीचा भोंगा त्याला ऐकू येत नसे.

मग एका संध्याकाळी कारखाना सुरू झाला. उंच चिमणीच्या टोकावर ज्योत पेटली आणि अख्खं गाव गच्च्यांवर चढलं. लोक टाळ्या वाजवत होते. वेल्डर अंगणातून लेकीला दाखवत होता, "ती चिमणी दिसते ना? तिच्या खालचे जोड मी केलेत." केवढा आनंद त्याला! त्याला कुठं ठाऊक, की ज्योत पेटली म्हणजे त्याचं तिथलं काम संपलं.

कारखाना बांधायला हजारो हात लागतात, चालवायला काही शेकडेच पुरतात. आणि जे चालवतात त्यांच्याकडं डिप्लोमा असतो. वेल्डर साहेबाकडं गेला. साहेब चांगला माणूस, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "बघू." या वेळी वेल्डरलाही अर्थ कळला.

रंगारी गेला, रिगर गेला. जाताना रिगर पोरीसमोर गुडघ्यावर बसला, आणि झोपेत हलवायचा तसा हात हलवत म्हणाला, "हळू, हळू, अजून वर!" वेल्डरला कंत्राटदारानं एका नव्या कारखान्याच्या बांधकामावर घेतलं. लांब, कुठल्यातरी दुसऱ्या माळावर.

"मी इथलं सोडून येते," बायको म्हणाली.

"तिथं काय आहे? खोली नाही, शाळा नाही. नुसता माळ."

"इथंही माळच होता."

"होता. आता तिथं कारखाना झालाय, आणि त्यात माझेही हात लागलेत. एवढं राबून उभं केलं, तर त्यातलं काहीतरी आपल्या वाट्याला येऊ दे की. तुझं काम कायम आहे. पोर शाळेत जातेय. तू राहा."

ज्याला इथं राहायचं होतं तो गेला. ज्या दोघी त्याच्यासाठी आल्या त्या राहिल्या. यात चूक कुणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कामं आली, हे मी नाकारणार नाही. नाकारीन तर खोटी ठरेन. गावात दवाखाना झाला, शाळेला मजला चढला. मावशीनं वरती चार खोल्या बांधल्या, दोन बायका हाताखाली घेतल्या, आणि आता ती खुर्चीत बसून हुकूम सोडते. वेल्डरची बायको गोण्यांच्या शेडमध्ये एका अख्ख्या रांगेची मुकादम आहे. तिचा आवाज वाढलाय. माझ्यावर गादी आली, फुलाफुलांची चादर आली. मी सुखात आहे म्हणायचं.

फक्त तो नाही. वर्षातून एकदा येतो, चार दिवस राहतो आणि जातो. पाचव्या दिवसापासून मी पुन्हा वाट बघायला लागते, आणि माझ्यावर झोपणाऱ्या दोघीही.

फोनवर तो रोज दिसतो. लेक त्याला शाळेतलं सांगते, दात दाखवते, केसांची वेणी दाखवते. तो म्हणतो, "अगदी तश्शीच आहेस!" आणि ती खूश होते. पण फोनमध्ये चेहराच तेवढा दिसतो. माणूस किती जड झालं ते फोनला कळत नाही, ते मला कळतं. परवा ती शाळेतून आली आणि दप्तरासकट धपकन माझ्यावर बसली, तेव्हा माझे चारही पाय कुरकुरले. गेल्या वर्षी नव्हते कुरकुरले.

तुमच्या वाटेत कुठं नवा कारखाना उभा राहत असेल, आणि तिथं डोळ्यांवर दंड घेऊन झोपणारा एक वेल्डर भेटला, तर त्याला माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, लेक भराभर वाढतेय. अजून एखादं वर्ष तिला उचलून कडेवर घेता येईल तुला. तेवढ्यात ये.