कोंडिबांच्या दोन काड्या

वरवे बुद्रुकच्या कोंडिबांनी तीन आठवडे दोन काड्यांनी शेंगदाणे उचलायचा सराव केला, तोही कुणाच्या नकळत. निदान त्यांना तसं वाटत होतं. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे धोंडाबाईंना पहिल्याच दिवशी कळलं. त्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अवो, दाणं खाताय का त्यांला टोचताय?"

"काय न्हाई," म्हणत कोंडिबांनी काड्या उशीखाली सारल्या. दाणा मात्र गडगडत कपाटाखाली गेला.

काड्या त्यांनी स्वतःच केल्या होत्या. बांबूची कामटी चिरून, चाकूनं तासून, काचकागदानं घासून अशा गुळगुळीत केल्या होत्या की हाताला कुसळ लागायचं नाही. एकतीस वर्षं भोरच्या एका वाचनालयात शिपाई म्हणून त्यांनी फाटकी पुस्तकं चिकटवली होती. असलं बारीक काम त्यांना जमायचं. माणसांत वावरायचं काम तेवढं जमायचं नाही.

हा सगळा खटाटोप मुलासाठी होता. त्यांचा आकाश सहा वर्षं महामार्गावरच्या एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये कोरियन इंजिनियरांना रांधून घालत होता. दोन हजार सातच्या सुरुवातीला ते इंजिनियर मायदेशी गेले आणि पावसाच्या तोंडावर आकाशनं आपला जोडीदार फुरकान याच्याबरोबर नसरापूर फाट्यावर हॉटेल काढलं. पाटीवर लिहिलं, 'सोल-सह्याद्री'. खाली बारीक अक्षरांत, 'कोरियाची चव, मावळचा तांदूळ'. कोरियन माणसांना चिकटच भात लागतो आणि आपला इंद्रायणी मुळातच चिकट, हे आकाशनं गेस्ट हाऊसमध्येच हेरलं होतं. राजगड उतरून पायथ्याच्या पालीहून परतणारी पुण्याची पोरंपोरी आता त्या भातासाठी मुद्दाम थांबत.

सगळे जाऊन जेवून आले होते. धोंडाबाई तर चारदा. कोंडिबा पाच महिन्यांत एकदाही गेले नव्हते. आधी भातलावणी आडवी आली, मग गुडघा, मग एसटीची वेळ. शेवटी आकाशनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं: आण्णांना पोरगा कचेरीत खुर्चीवर बसलेला हवा होता, आपण चुलीपुढं उभे राहतो याची त्यांना लाज वाटते.

मागच्या सोमवारी तो घरी येऊन म्हणाला, "आण्णा, रविवारी चार वाजता या. त्या टायमाला गिऱ्हाईक नसतंय, आमी सगळी एकत्र जेवतो. तुमी न्हाई आलात तर परत बोलवणार न्हाई म्या."

रागावून म्हणाला असता तर कोंडिबांना इतकं लागलं नसतं. तो अगदी शांतपणे म्हणाला.

लाज त्यांना वाटत होती, पण स्वतःची. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे ते डोळे मिटून सांगत. हॉटेलात मात्र कुठं बसावं, काय मागावं, उष्टं ताट कुणी उचलायचं, याचाच त्यांना घोर लागायचा. लहानपणी लग्नाच्या जेवणाला त्यांच्या वस्तीची पंगत सगळ्यांचं झाल्यावर, मांडवाबाहेर बसायची. पुढं दिवस पालटले, पण अंग चोरायची सवय राहिली. वाचनालयाच्या वार्षिक जेवणातही ते सगळ्यांना पाणी वाढायचे आणि सगळ्यांत शेवटी भिंतीकडे तोंड करून जेवायचे. आता पोराच्या हॉटेलात आपल्या हातून काही सांडलं, चुकलं, आणि 'हा मालकाचा बाप' असं कुणी म्हणालं तर?

म्हणून आकाश बोलवायला यायच्या दोन आठवडे आधीच ते वाचनालयात गेले होते. एका जाड ग्रंथात कोरियावर दोन पानं होती आणि एक चित्र: बैठ्या चौरंगाभोवती माणसं बसलेली, सगळ्यांच्या हातात दोन-दोन काड्या. कोंडिबांनी चित्र नीट बघून घेतलं आणि परत येताना बांबूची कामटी घेऊन आले.

रविवारी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, काड्या वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात ठेवल्या आणि धोंडाबाईंबरोबर वडापच्या जीपमध्ये बसले. फाट्यावर उतरल्यावर ते दोनदा चप्पल झटकत उभे राहिले.

"चला की," धोंडाबाई म्हणाल्या. "पोराचंच हाटेल हाय, कोर्ट न्हाई."

फुरकान गल्ल्यावरून उठून धावत आला. "या काका! काकी, पंख्याखाली बसा. मेहनाज, काका आले गं!" मेहनाज म्हणजे त्याची बायको, लाल मिरचीचं आंबवलेलं वाटण तीच करायची. कोपरापर्यंत लाल झालेले हात पुसत ती बाहेर आली आणि हसली.

शेवटचं एक टेबल उठत होतं. कॉलेजची पोरं होती. कोंडिबांनी चोरून बघितलं: एक हातानं कालवून खात होता, दुसरा चमच्यानं. टेबलावर पेल्यात काड्या होत्या, पण त्यांना कुणी हात लावला नव्हता. एका मुलीनं तेवढी एक काडी अंबाड्यात खोचली होती. कोंडिबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. तीन आठवडे, आणि पावशेर शेंगदाणे.

मग वाढलं गेलं. वाडग्यात वाफाळता भात, त्यावर परतलेला पालक, गाजर, मोडाची मटकी, मधोमध अर्धं कच्चं अंडं, कडेला ते लाल वाटण. कोबीचं आंबट-तिखट लोणचं. ज्वारीच्या भाकरीत गुंडाळलेलं झणझणीत चिकन. धोंडाबाई, फुरकान, मेहनाज बसले. शेवटी आकाश हात पुसत आला आणि बापासमोर बसला.



कुणी चमचा उचलेना. कोंडिबांनी सवयीनं मान खाली घातली. आधी बाकीच्यांनी सुरू करावं, मग आपण. ते थांबले. समोरचेही थांबले. अंड्यावरची वाफ विरत चालली. आपलं काय चुकलं, ते कोंडिबा शोधू लागले. आपण भलत्याच खुर्चीवर बसलो का? यांना आपसांत काही बोलायचंय आणि आपली अडचण होतेय का? धोंडाबाईंकडे बघावं तर त्याही हात मांडीवर ठेवून बसलेल्या. अखेर ते खुर्ची सरकवून अर्धवट उठले.

"तुमी उरकून घ्या," ते पुटपुटले. "म्या जरा भाईर थांबतो. माझं मागनं बघू."

आकाशचा चेहरा पडला. "म्हंजे माझ्या हातचं खाणार न्हाईच तुमी."

"तसं न्हाई रं..."

"मग कसं?"

तेवढ्यात मेहनाज म्हणाली, "काका, आधी बसा बघू. तुमी पैला घास घेतल्याबगर हितं कुणी हात लावत न्हाई. त्या कोरियन साहेब लोकांची रीत हाय ती. थोरल्यानं चमचा उचलला की मगच बाकीची जेवणार. आकाशभाऊनं ती हितं बी लावलीया."

"रोज मला बसवत्यात थोरला म्हणून," फुरकान म्हणाला. "छत्तिसाव्या वर्सी म्हातारा झालो."

आकाश हसला नाही. तो वाडग्याकडे बघत म्हणाला, "सा वर्सं त्यांच्या म्होरं वाढत व्हतो, आण्णा. त्यांचा म्हातारा साहेब घास घेईस्तवर बाकीची गपगार. दर खेपेला तुमची आठवण यायची. तुमी कायम शेवटी जेवता, म्हणून."

कोंडिबा खाली बसले. सहासष्ट वर्षांत त्यांच्यासाठी कुणी हात आवरून धरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आता चार माणसं ताटकळली होती, म्हणजे घाई करायला हवी. काही सुचेना म्हणून त्यांनी खिशातली पुडी काढली आणि सोडली.

"हे काय?" आकाशनं विचारलं.

"तीन आठवडं दाणं उचलत्यात त्यानं," धोंडाबाई म्हणाल्या. "अंथरूण झाडलं की पसाभर दाणं निघत्यात. तुझ्या हाटेलात तुझी मान खाली जाऊ नये, म्हणून चाललंय समदं."

आकाशनं एक काडी उचलून दोन बोटांत फिरवली. बराच वेळ तो तिच्या गुळगुळीत टोकावरून अंगठा फिरवत राहिला. "आण्णा," तो हळूच म्हणाला, "भात ते लोक बी चमच्यानंच खात्यात."

"पुस्तकात तसं नव्हतं," कोंडिबा म्हणाले.

फुरकान इतक्या जोरानं हसला की आत कुकरची शिट्टी झाली असं वाटून मेहनाज उठली, आणि मग तीही हसत परत बसली. कोंडिबांनी मुलाच्या हातातली काडी घेतली. चौघांच्या देखत त्यांनी मटकीचा एक दाणा चिमटला, उचलला आणि न सांडता तोंडात टाकला. मग काड्या बाजूला ठेवून भात हातानं कालवला आणि मोठा घास घेतला.

कुणी हललं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"आंबाट हाय," ते म्हणाले. मग थोडं चावून, "लई चांगलं झालंय. घ्या की आता, निवतंय."

हे 'घ्या' ते जन्मभर वाढताना म्हणत आले होते. बसल्या जागेवरून पहिल्यांदाच म्हणाले.

चमचे वाजू लागले. आकाशनं केवढा तरी घास भरला आणि तोंडात असतानाच विचारलं, "मग परत बोलवू का?"

"नगं बोलवूस," कोंडिबा म्हणाले.

आकाशचं चावणं थांबलं.

"बोलवायचं पावण्याला. म्या दर रविवारी चारला हाय हितं. त्या बिचाऱ्या फुरकानला कशाला म्हातारा करतो?"