ओव्याच्या पानांची कढई

"पोरी, हिला साबण लावू नगोस. तेलाचा हात फिरीव, मग जन्मभर साथ दील ही." लेकीची, सरूची, सासरी पाठवणी करताना अंबूबाईंनी माझ्याकडं बोट करून हे सांगितलं. तो आवाज अजून माझ्या लोखंडात घुमतो. मित्रांनो, गडमुडशिंगीच्या सरुबाईंची जुनी कढई ती मीच.

मंगळवार पेठेतल्या एका लोहारानं मला ठोकून ठोकून घडवलं. पुढं चूल पाहिली, गॅस पाहिला. दारच्या ओव्याची जाड, लुसलुशीत पानं बेसनात बुडून माझ्या तेलात उतरायची, तेव्हा सरुबाई गुणगुणायच्या,

ओव्याच्या गं पानाला साडी पिवळी बेसनाची,
न्हायाला उतरली लेक माझ्या अंगणाची.

पावणं बोटं चाटत म्हणायचं, "आक्का, कढईची दृष्ट काढा की!" ते ऐकून मी आणखीच काळी कुळकुळीत व्हायचे.

मग सून आली, अक्षता. तीही माझ्यात भजी तळायची. सरुबाई खायच्या आणि गप्प बसायच्या. ना बरी म्हणाल्या, ना वाईट.

अक्षतानं शेवटी एअर फ्रायर आणला. मला पायरीवर ठेवलं, माझ्यात माती भरली आणि ओव्याची फांदी खोचली.

मित्रांनो, हेव्याचा चटका निखाऱ्याहून वाईट! तो गुळगुळीत मेला ओट्यावर दिवा लुकलुकवत बसायचा, मला खिडकीतून दिसायचा. त्याला पुसायला मऊ फडकं, मला गंज. शेंगदाणे भाजायचा नि "टिंग" करून मिरवायचा!

पाणी साचून माझ्यातलं रोप कुजू लागलं. सरुबाईंचा मुलगा सयाजी म्हणाला, "बुडाला भोक पाडाय पायजे." रविवारी तो ड्रिल घेऊन आला. माझं लोखंड थिजलं. भोक पडलं की जन्मात पुन्हा तेल धरता येणार नव्हतं.

तेवढ्यात अक्षतानं माझ्या कुशीतली पानं खुडली, बेसनात बुडवली आणि नेली कुठं? त्याच्या पोटात! माझी पानं!

सयाजी वायर जोडत होता, तोच आतून अक्षताचा ओरडा आला, "अगं बाई! पीठ समदं जाळीतनं खाली गळलं की!"

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

सरुबाई बाहेर आल्या. "सयाजी, ठेव ते खाली. कढई रिकामी कर."

रोप डब्यात गेलं. सरुबाईंनी विटेच्या चुऱ्यानं मला घासलं, तापवलं, तेलाचा हात फिरवला.

"तळा तुम्हीच, आत्ती," अक्षता दारातून म्हणाली. "माझ्या हातची कुठं आवडत्यात तुम्हाला?"

सरुबाईंनी झारा तिच्या हातात दिला. पानं तेलात उतरली, फुगली, सोनेरी झाली. सरुबाईंनी एक भजं खाल्लं. दुसरं उचललं.

मित्रांनो, बूड शाबूत आहे तोवर जुनं भांडं टाकू नका. त्याला तेलाचा हात द्या. माणसांनाही चांगल्या शब्दाचा हात लागतो. माझ्या घरात तो फिरायला फार वर्षं लागली.

"अक्षता," सरुबाई खाली बघत म्हणाल्या, "तुझी भजी माझ्यापरास हलकी हुत्यात. पयल्या दिवसापास्नं. म्या जळत हुते गं, म्हणून बोलले न्हाई."